खुराकाचा डबा

शिराळा
मृग लागून दुसरा की तिसरा दिवस. आत्या म्हणते तिसरा.

वस्ताद,

वर 'तीर्थरूप' लिहायला घेतलं होतं. 'ती' काढला आणि हात अडला, म्हणून नुसतंच वस्ताद. रागावू नका. म्हणजे रागावा, रागावलेच असाल.

दादा माझ्याजवळ आहे आणि जिवंत आहे. तालमीतली पोरं म्हणत असतील, गुंड्यानं सख्खा भाऊ पळवला, सांगलीचा लालासाहेब पैलवान चोरून नेला. खरंच आहे ते. तुम्ही दुपारचं जेवून पान लावून पडला होता, नाक खाजवता खाजवता तुमचा डोळा लागला, आणि मी दादाला सयाजीच्या सर्व्हिस मोटारीत बसवला. ओढावं लागलं नाही. कासरा धरला की बैल येतो तसा आला. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

आता तुम्हाला ठाऊक असलेलंच लिहितो, कारण तुम्ही ते विसरल्यासारखं करता. मागल्या माघात मिरजेच्या मैदानात दादाचा उजवा गुडघा फिरला. कुस्ती अर्ध्यावर होती. तुम्ही आखाड्यात आलात, कमरेची डबी काढलीत आणि त्याच्या जिभेखाली हरभऱ्याएवढी काळी गोळी ठेवलीत. मी कडेलाच बसलो होतो. तुम्ही म्हणालात, "काय न्हाई लाला, औषध हाय. लढ." दादा लढला. जिंकला. लोकांनी फेटे उडवले आणि मीही टोपी उडवली, ती परत मिळाली नाही. चांगली होती.

त्या गुडघ्याला मग विश्रांती कधी मिळालीच नाही. मैदान आलं की औषध. पुढं मैदान नसलं तरी औषध. अफूला अफू म्हणायचं नाही असा तुमच्या तालमीत नियमच होता, जसा आखाड्यात जोडा घालून उतरायचं नाही असा आहे.

आणि यंदाच्या चैतात वाईला काय झालं? कालचं पोर, मिसरूड नाही, त्यानं दादाला उचलून आभाळ दाखवलं. हरलेला पैलवान रडताना मी बघितलाय, शिव्या देताना बघितलाय. दादा उताणा पडून हसत होता. वर बघून, सावकाश, पाळण्यातल्या पोरासारखा. तुम्ही म्हणालात नजर लागली. मी म्हणालो, नजर नाही, अफू लागली. तेव्हा तुम्ही चारचौघांत माझ्या थोबाडीत दिलीत आणि तालमीची पायरी चढू नकोस म्हणालात. त्याचा राग नाही. तुमचा हात अजून जड आहे, बरं वाटलं.

येताना पेठ गावच्या नाक्यावर लष्करी लाऱ्यांची रांग उभी होती. लढाई संपली, आता लिलाव. एक शीख ड्रायव्हर मला क्लीनर म्हणून बेळगावपर्यंत न्यायला तयार होता. मी वर चढलोसुद्धा. मग खाली मोटारीत दादाची मान लुळी पडलेली दिसली. उतरलो. असो, कुठं होतो मी?

आम्ही धोंडुबाई आत्याच्या वस्तीवर आहोत. आमच्या बापाची थोरली बहीण. दादाला अफूवरून उतरवल्याशिवाय सोडणार नाही असं ती म्हणते. दसऱ्याच्या मैदानासाठी त्याची जोड ठरवली असलीत तर मोडा. माणूस धाडू नका. तुम्हीही येऊ नका.

गुंडा


शिराळा
आर्द्रा निघाल्या

वस्ताद,

डबा पोचला. सयाजीनं मोटारीतून आणून दिला. पितळेचा, वर तुमच्या फेट्याचं फडकं बांधलेलं. मला वाटलं आत चिठ्ठी असेल, शिव्या असतील. नुसते लाडू. मेथीचे, डिंक घातलेले, तुम्ही थंडीत वळायचा तसले. एवढं वाईटसाईट लिहिल्यावर तुम्ही लाडू धाडलेत. आज परत 'तीर्थरूप' लिहावंसं वाटलं होतं, पण म्हटलं घाई नको.

इथं काय चाललंय ते सांगतो. आत्याचा नवरा पहिल्या लढाईत बसऱ्याला गेला होता, तो पायात गोळी आणि तोंडात अफू घेऊन परत आला. त्याला आत्यानंच उतरवला. त्यामुळं तिला सगळं ठाऊक. मी सांगलीच्या दुकानातून आणलेली सगळी अफू तिनं ताब्यात घेतली आणि कमरेच्या चंचीत ठेवली. म्हणाली, "एकदम तोडली तर मरंल त्यो. पायरीपायरीनं खाली आणायचा."

मग तिनं उंबऱ्यावर एका ओळीत दाणे मांडले. हरभरा, तूर, मूग, बाजरी, राळा आणि शेवटी खसखस. दादाला म्हणाली, "लाला, आज तू ह्या हरभऱ्यावर हायस. ह्याच्याएवढी गोळी देनार. अंगाला सवय झाली की तुरीएवढी. मग मूग. असं करत खसखशीवर यायचं."

दादा म्हणाला, "आन खसखशीच्या म्होरं?"

"म्होरं उंबरा सपला. भाईर जायाचं."

मी मधेच म्हणालो की खसखस म्हणजे अफूच्याच झाडाचं बी. आत्या म्हणाली, "शाळंत एवढंच शिकलास व्हय रं?"

दादा आठ-पंधरा दिवसांत तुरीवर आला आणि म्हणावा तसा त्रास नाही! पहिले दोन दिवस घोंगडं पांघरून कण्हत होता. डबा आला त्या दिवसापासून जेवतो, झोपतो, गोठ्यात म्हशीशी गप्पा मारतो. सकाळी एक लाडू, दिवेलागणीला एक. मला एक मिळावा म्हणून मी बरंच घुटमळलो, पण आत्यानं हातावर पळी मारली. "पैलवानाच्या खुराकाला दुसऱ्यानं तोंड लावू न्हाई." ते मलाही ठाऊक आहे. तालमीत धुळानं दादाच्या वाटीतला एकच बदाम उचलला होता, तेव्हा तुम्ही त्याच्याकडून अख्खा आखाडा खणून घेतला होतात आणि वर म्हणाला होतात, खुराकाला वाटेकरी झाला की ताकद वाटली जाते. त्या दिवशी धुळा रडला नाही, पण नंतर त्यानं बदाम कधीच खाल्ले नाहीत. हल्ली तो पुण्यात टांगा हाकतो.

म्हणून मी नुसता वास घेतो.

आपला म्हणावं की नाही ते ठरलं नाही, तरी आपला
गुंडा


शिराळा
बेंदराचा दुसरा दिवस

वस्ताद,

दादा मुगावर आला! काल बेंदराला त्यानं आत्याच्या खोंडाची शिंगं रंगवली, झूल घातली आणि गावातल्या मिरवणुकीत लंगडत का होईना, पण पुढं पुढं चालला. बायकांनी ओवाळलं तेव्हा खोंड लाजला, दादा लाजला नाही. परत येताना गाणंसुद्धा म्हणत होता.

आता मोठेपणा सांगतो असं समजू नका. सातवीत दोनदा बसलो, मिलिटरीत भरती झालो तर तिसऱ्या महिन्यात पळून आलो, तासगावला गुऱ्हाळावर टिकलो नाही, मिरजेला सतार करणाऱ्यांकडे भोपळे वाळवायचं काम होतं तेही सोडलं. हे तेवढं एक काम माझ्या हातून पार पडतंय. महिना उलटला, मी कुठंही गेलो नाही. पाय शिवशिवतात, पण गेलो नाही.

आत्या मात्र खूश नाही. काल भाकऱ्या थापताना म्हणाली, "माझा मालक मुगावर आला तवा घर डोक्यावर घ्येतलं हुतं. भांडी फेकली, मला मारलं. आन ह्यो गातोय."

मी म्हणालो, "आत्या, तुमचा मालक शिपाई होता. हा पैलवान आहे. खुराकाचं अंग आहे."

"आसंल बाबा. पर त्यो सारखा नाक का खाजवतोय?"

"गवताची कुसं उडतात."

"मला न्हाई खाजत ती?"

म्हाताऱ्या माणसांना कुणाचं चांगलं झालेलं सहजासहजी पटत नाही. असो.

सयाजी सांगत होता, तुम्ही दसऱ्याची जोड मोडली नाही. उलट भिंतीवर जाहिरातीचे कागद चिकटवलेत. मला राग आला. मग दादाकडे बघितलं. तो अंगणात बैठका मारत होता, गुडघा कुरकुरत होता पण मारत होता. आता मुगावर एवढा, तर दसऱ्याला खसखशीच्याही पुढं गेलेला असेल. मग लढला तर काय बिघडलं? मी अजून हो म्हणत नाही. पण नाहीही म्हणत नाही.

लाडू संपत आले. दुसरा डबा धाडावा. चिठ्ठी लिहिलीत तर बरं, पण लाडू नक्की धाडावेत.

गुंडा


शिराळा
पुष्यात. मोरणा नदी दुथडी

वस्ताद,

सयाजीची मोटार पेठेच्या अलीकडं येत नाही. तुमचा डबा आला नाही. लाडू संपले त्याला चार-पाच दिवस झाले आणि इकडं सगळं फिसकटलंय.

दादाच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहतं. जांभयांवर जांभया. अंगावर काटा, घोंगडं घेतो, फेकतो, परत मागतो. पाय असे झाडतो की बाजेचं सुंभ तुटलं. परसाकडं किती वेळा जातो ते लिहीत नाही. मुगाएवढी गोळी आत्या वेळेवर देते, ती कुठं जाते कळत नाही. तव्यावर थेंब पडावा तशी.

मी आत्याला म्हणालो तुरीवर न्या परत. ती म्हणाली, "न्हाई. मागं फिरला तर बसला." मी ओरडलो. ती ओरडली नाही. तिनं चूल पेटवली. मला तिचा इतका संताप आला की मी निघालोच होतो. नाक्यापर्यंत गेलो, तर नाक्यावर मोटार नाही, लारी नाही, नुसता चिखल. परत आलो. जायचं ठरवलं तरी जाता येऊ नये, असलं हे गाव.

आज सकाळी दादानं मला जवळ बोलावलं. मला वाटलं पाणी पाहिजे.

"गुंड्या, लाडू आलं का?"

"पूर आलाय. लाडू कुठले?"

"तू जा की आणाय."

"लाडवाचं काय खूळ घेतलंस? इथं तू मरायला लागलायस."

तर म्हणाला, "पळपुट्या. आजवर कुठं टिकलास तू? साळंत? मिल्ट्रीत? एक काम सांगितलं तर पूर दिसतोय तुला."

दादानं मला तालमीत शंभरदा पाडलंय, पण असं कधी पाडलं नव्हतं. आणि बोलून झाल्यावर भिंतीकडं तोंड करून रडला. त्याला रडताना मी आई गेली तेव्हाही बघितलं नव्हतं. मुगावर आलेला माणूस असा का करतो? दीड महिन्याचं काम हातातून निसटतंय आणि मला कारणच सापडत नाही. कुणाला मारावं तेही कळत नाही.

माझी समजूत अशी की अंगात ताकद राहिली नाही. खुराक तुटला की अफू वर चढत असावी. वस्ताद, पाया पडतो. लाडू धाडा. पेठेपर्यंत धाडा, पुढचं मी बघतो.

गुंडा


शिराळा
श्रावण. पंचमीच्या आदल्या दिवशी

वस्ताद,

घाईत आहे. पेठेला चालत गेलो, सयाजीकडून डबा घेतला, येताना मोरणेला गळ्याइतकं पाणी होतं, डबा डोक्यावर धरून उतरलो. एक थेंब आत जाऊ दिला नाही.

दादानं दारातच दोन लाडू खाल्ले. गुरं घरी यायच्या आत माणसात आला. जेवला. मला म्हणाला, "चिडू नगंस रं." मी म्हणालो, चिडलो नाही. आत्या कोपऱ्यातून नुसती बघत होती. हा खुराकाचा गुण आहे आणि तो तुमच्या हाताचा गुण आहे, हे मी तिला ऐकवलं.

उद्या नागपंचमी. इथली पंचमी तुम्ही बघितली नाहीत म्हणजे काहीच बघितलं नाही. गेले काही दिवस मी नाग धरणाऱ्यांबरोबर बांधाबांधानं हिंडतोय. भिऊ नका, मी नुसतं मडकं धरतो. उद्या जिवंत नाग मडक्यांतून अंबाबाईच्या देवळात येणार, ढोल-लेझीम, घराघरातून लाह्या-दूध. आमच्या मंडळाचा नाग लय उंच फणा काढतो. सगळं बघून सविस्तर लिहितो.

तीर्थरूप वस्तादांना (बघा, लिहिलं)
गुंड्याचा दंडवत


शिराळा
पंचमीच्या दुसऱ्या दिवशी

नाथाजी,

वस्ताद म्हणत नाही. मी काहीच बघितलं नाही. मिरवणूक नाही, फणा नाही, देऊळ नाही. का ते सांगतो.

काल सकाळी आत्या दिंडं उकडत होती. पंचमीला तवा चुलीवर चढत नाही, विळी चालत नाही, जमीन खणायची नाही, सगळं उकडलेलं. आणि पूजा झाल्याशिवाय तेही खायचं नाही. मी पहाटेपासून उपाशी. आत्या नागाला दूध ठेवायला वारुळाकडं गेली, दादा गोठ्यात, आणि फडताळात डबा. म्हटलं, डबा डोक्यावरून मीच आणलाय, वाटेकरी झालो तर एका लाडवानं केवढी ताकद वाटली जाणार? एक खाल्ला. लय कडू. मेथी म्हटल्यावर कडू असायचंच, कडू तेवढं गुणाचं, म्हणून दुसराही खाल्ला.

देवळाजवळच्या पारावर जाऊन बसलो. ढोल ऐकू यायला लागले. पहिलं मडकं वळणावर दिसलं. मग अंगात कशी ऊब आली, सगळं चांगलं वाटायला लागलं. मिलिटरीतला सुभेदार चांगला वाटला. तुम्हीसुद्धा वाटलात. आणि मी पारावरून खाली घसरलो.

शुद्ध आली तर भोवती सगळं गाव! "पान लागलं! ह्याला पान लागलं!" साप चावला असं पंचमीच्या दिवशी कुणी तोंडानं म्हणत नाही, पान लागलं म्हणतात. कुणी माझ्या पायाला दोरी आवळत होतं, कुणी मंडळाच्या नागवाल्याला शिव्या घालत होतं, आणि एका म्हाताऱ्यानं मूठभर लिंबाचा पाला माझ्या तोंडात कोंबला. "कडू लागतोय का? सांग, कडू लागतोय का?" विष चढलं असलं तर लिंब गोड लागतो म्हणे. मी आधीच मेथी खाऊन बसलेला, मला कशाचीच चव कळेना. मी नुसती मान हलवली. एका बाईनं गळा काढला. आमच्या मंडळाचा तो बिचारा नाग मडक्यात झाकला गेला आणि मिरवणूक माझ्यापायी खोळंबली.

बैलगाडीत घालून मला वस्तीवर आणला. आत्यानं गर्दी बाजूला केली. पाय बघितला नाही. माझ्या डोळ्यांची पापणी वर केली, आत बघितलं, मग माझा हात बघितला. माझा हात नाकावर होता. मी खाजवत होतो.

"ह्याला नाग न्हाई चावला," ती म्हणाली. "ह्यानं लाडू खाल्लाय."

कुणाला कळलं नाही. लोक हसले. एकजण म्हणाला, "लाडवानं कोण मरतंय व्हय, धोंडूआक्का?" दादा दारात उभा होता, तो हसला नाही.

लोक गेल्यावर आत्यानं एक लाडू फोडला, वास घेतला, जिभेला लावला आणि थुंकली. मला ओकारी झाली, दोनदा. मग मी दादाला विचारलं.

"तुला ठाऊक होतं?"

"व्हय."

"कधीपासनं?"

"पयल्या लाडवापासनं. मला चव कळत न्हाई व्हय?"

"मग बोलला का नाहीस रं? मी गावभर सांगत सुटलो. मी नदीतनं डबा आणला डोक्यावर!"

दादा खाली बघून म्हणाला, "तुला आजवर कशात जिकलेला बघितला न्हवता. तुरीवर आलो, मुगावर आलो म्हणून तू नाचत हुतास. कसं सांगू?" मग म्हणाला, "आन मला लाडू पायजे हुता. दोनी खरं हाय."

मी डबा उचलला, पुरून टाकतो म्हणालो. आत्या म्हणाली, "आज पंचमी. आज भुई खणायची न्हाई."

"मग मोरणेत टाकतो."

"खालच्या अंगाला लोकांची गुरं पित्यात."

"चुलीत?"

"पंचमीच्या चुलीत? नागाच्या निवदाच्या?"

म्हणजे अफू भरलेला डबा दिवसभर घरातच राहणार. मला वाटलं ती तो चंचीसारखा कमरेला बांधेल, निदान कुलूप लावेल. तिनं डबा परत फडताळात ठेवला, झाकण बसवलं आणि मला म्हणाली, "तू चल भाईर. त्याचं त्याला बघू दे."

मी भांडलो. म्हणालो, तुम्हाला याच्यापेक्षा म्हशीची काळजी जास्त. ती म्हणाली, "म्हशीला दावं हाय. ह्याला किती दिस बांधू?"

दादा फडताळासमोर जमिनीवर बसला. मी अंगणात बसलो, नाक खाजवत. गावातून ढोलांचा आवाज येत होता. आत दादा कधी कण्हत होता, कधी बाजेला लाथ मारत होता, एकदा डब्याचं झाकण वाजल्यासारखं वाटलं. मी उठलो तर आत्यानं माझं धोतर धरून खाली बसवलं. माझ्या आयुष्यात मी एका जागी इतका वेळ कधी बसलो नसेन.

आज सकाळी दादानं कुदळ मागितली. गोठ्याच्या मागं गेला आणि खणायला लागला. तुम्ही शिकवलंत तसं, आखाडा खणतात तसं, एका लयीत, तोंडानं श्वास सोडत. गुडघा वाकत नव्हता म्हणून एका पायावर भार देऊन. मी कुदळ मागितली तर दिली नाही. कमरेइतका खड्डा केला. लाडू ओतले, माती लोटली आणि वर नाचल्यासारखं करून तुडवली.

लाडू सगळे होते का? मला ठाऊक नाही. मी मोजलेले नव्हते आणि दोन तर मीच खाल्लेले. विचारलं नाही.

मग तो घरात आला, उंबऱ्यावर बसला आणि आत्याला म्हणाला, "मांड."

आत्यानं दाणे मांडले. मी विचारलं, आता कुठून? मुगापासून?

"त्यो मुगावर कवा हुता?" आत्या म्हणाली. "हरभऱ्यापासनं."

मृगापासूनचं सगळं पाण्यात गेलं. तुमच्यामुळं.

गुंडा


शिराळा
गोकुळअष्टमी झाली

वस्ताद,

परत वस्ताद म्हणतोय, ते सयाजीमुळं. मागचं पत्र तुम्ही त्याच्याकडूनच वाचून घेतलंत असं कळलं. म्हणजे आधीचीही सगळी त्यानंच वाचली असणार. मला वाटत होतं तुम्हाला वाचता येतं आणि मुद्दाम उत्तर देत नाही. आधी सांगायचं होतं, मी एवढं अक्षर घोटून काढलं नसतं.

तुम्ही त्याला जे सांगितलंत ते त्यानं मला सांगितलं. तुमच्याबरोबर एकाच आखाड्यात वाढलेला तुमचा जोडीदार होता, त्याला अफू लागली, घरच्यांनी एकदम तोडली आणि खोलीत कोंडला, आणि कडी काढली तेव्हा तो गेलेला होता. कडी तुम्हीच काढलीत. म्हणून लाडवात घातली, लालाचं तसं होऊ नये म्हणून. हे सांगताना तुमचा हात इतका कापत होता की डबी उघडेना, शेवटी सयाजीनं उघडून दिली आणि तुम्ही गोळी घेतलीत तेव्हा कुठं पुढचं बोललात.

मी आखाड्याच्या कडेला एवढी वर्षं बसलो आणि तुमची डबी रोज बघितली. ती दुसऱ्यांसाठी आहे असंच मला वाटायचं.

पण मग भिंतीवर दसऱ्याचे कागद कुणी लावले? लाला मरू नये म्हणून लाडू, की लाला लढावा म्हणून? मी हे दादाला विचारलं. तो बाजेवर पडला होता, घामानं चिंब. म्हणाला, "दोनी खरं आसंल." मला हे 'दोन्ही खरं' अजिबात आवडत नाही. कुणावर धड चिडता येत नाही.

दादा तुरीवर आलाय. या खेपेला खरा. गात नाही. खोंडाला शिव्या देतो, मला देतो, तुम्हाला तर रोज. भाकरी भिंतीवर मारली. आत्या खूश आहे, म्हणते असंच असतं. परवा तिनं गुडघ्याला निर्गुडीचा पाला शेकून बांधला, तेव्हा तो म्हणाला, "आत्या, दुखतंय." नुसतं एवढंच. मी थांबून बघत राहिलो, कारण दादाच्या तोंडून हा शब्द मी आजपर्यंत ऐकला नव्हता. तालमीत तो कुणी उच्चारत नाही. त्यानं परत म्हटलं, "लय दुखतंय गं." मग दिवसभर म्हणत राहिला, जणू काही नवीन शब्द शिकलाय. शेवटी आत्या म्हणाली, "ऐकलं रं बाबा, साऱ्या शिवारानं ऐकलं."

हाडवैद्य म्हणाला, चालता येईल. कुस्तीचं विचारलं तर त्यानं पाय हळूच खाली ठेवला आणि पाणी मागितलं. दसऱ्याचे कागद काढा. लोक शिव्या घालतील, त्या खा.

त्या शीख ड्रायव्हरची लारी परत नाक्यावर आली होती. बेळगाव, मग गोवा. मी दादाला सांगितलं, जाऊ का? तर म्हणाला, "जा की. पर आधी वस्तादांचा डबा पोचवून ये. आन मग काय त्ये ठरव." डबा सयाजीबरोबर धाडतोय, मी नाही येत. मी सांगलीला आलो तर तिथून कुठं जाईन याचा मलाच भरवसा नाही, आणि इथं अजून मूग यायचाय.

डबा रिकामा नाही. तुमच्याच फेट्याच्या फडक्याला सहा गाठी मारल्यात, प्रत्येक गाठीत एकेक दाणा. आत्यानं उंबऱ्यावरचेच दिलेत, आम्ही दुसरे मांडले. दादानं गाठी मारल्या. मी म्हणालो वस्ताद फेकून देतील. तो म्हणाला, "दिऊ देत. पर हातात तर घेत्याल." लाडवात घालून चोरून देणार नाही, उघड देतोय. इथं आणखी एक बाज मावते, सुंभ नवं आहे.

हरभरा पहिल्या गाठीत आहे, तिथून सुरू करायचं. आत्यानं विचारलंय, तुमची गोळी हरभऱ्यापेक्षा मोठी असली तर सयाजीजवळ खरं सांगा. ती पावटा धाडून देईल.

गुंडा